मास्तरांची माडी वाजते

कराडात सोमवार पेठेत बाळासो मास्तरांचं जे जुनं दुमजली घर होतं, त्याच्या माडीवर काय चाललंय हे कळायला माडीवर जायची गरज नसे. खाली सोप्यात बसून कान उघडे ठेवले की काम भागलं. माडीची जमीन फळ्यांची आणि फळ्या म्हाताऱ्या झालेल्या. पाय पडला की बोलायच्या. त्याही सगळ्या एका सुरात नव्हेत. खिडकीजवळची फळी बदकासारखी एकदाच आवाज द्यायची आणि गप्प व्हायची. आरशापुढची लांबलचक कण्हायची. पलंगाला लागून असलेली फळी तर अशी किंचाळायची, की अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडून जायच्या.

मास्तरांच्या आईला, हरणाबाईंना, हे सगळे सूर तोंडपाठ होते. खाली ज्वारी निवडता निवडता त्या वर न बघताच सांगायच्या, "बाळू, खिडकी लाव रं, धूळ येतीया!" किंवा "आरशात किती बगशील? शाळा भरली की!" बाळासो इंग्रजी शाळेत भूगोल शिकवत. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे ते मुलांना छातीठोक सांगत, पण आपण कुठल्या फळीवर उभे आहोत ही गोष्ट त्यांना आईपासून कधी लपवता आली नाही. लग्न होईपर्यंत त्यांना याचं काही वाटलंही नव्हतं. लग्न झालं आणि फळ्या कानाला टोचायला लागल्या.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, आणि त्या काळच्या चांगल्या घरात नवरा-बायको वडीलधाऱ्यांपुढे एकमेकांशी बोलत नसत. "पाणी दे" एवढंही आईमार्फत. जे काय बोलायचं ते माडीवर. आणि माडीवर दोन पावलं टाकली की ती खाली जाहीर व्हायची.

उदाहरणच द्यायचं तर रविवारची दुपार. अंजना चहा घेऊन वर यायची. कडेगावकडची, सावळी, उंच, डोळ्यांनी हसणारी पोरगी. मास्तरांनी सकाळपासून एक वाक्य तयार करून ठेवलेलं असायचं, "बस ना जरा." ते वाक्य म्हणायला ते खुर्चीतून उठायचे आणि एक पाऊल पुढं टाकायचे. फळी, "कर्रऽऽ!"

खालून वडिलांचा, तात्याबांचा, खोकला. हा खोकला छातीतला नव्हता, अर्थाचा होता. पाठोपाठ हरणाबाई, "अंजे, दूध उतू चाललंय गं!"

अंजना पदर सावरून खाली. मास्तर हातात कपबशी घेऊन उभे. लग्न होऊन उन्हाळा गेला, पावसाळा सरला, तरी बायकोला चहा गोड आवडतो की अगोड, हे या पदवीधर माणसाला ठाऊक नव्हतं.

शेवटी एकदा त्यांनी ठरवलं की फळ्या गप्प करायच्या. अडचण एकच होती. का करायच्या, हे कुणाला सांगायचं कसं?

"आबा," त्यांनी जेवताना घसा साफ करून वडिलांपुढं विषय काढला, "माडीवर पाय वाजले की माझं डोकं उठतं. मुलांचे पेपर तपासता येत नाहीत. ती जमीन नीट करून घेतो."

"वाजंना का," तात्याबा भाकरी मोडत म्हणाले. "घरात माणूस हाय म्हनून कळतं तरी."

"छे, छे. सहनच होत नाही मला. सारखी करकर, करकर."

आतल्या दारात अंजना कालवणाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. मास्तरांना वाटलं, बरंच झालं, आता हिच्याही लक्षात येईल. तिच्या लक्षात काय आलं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

पहिला इलाज शेजारच्या रंगूबाईंनी सांगितला. रंगूबाईंचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माडीचे सूर त्यांनाही पाठ होते आणि इलाजात त्यांचा जीव होता. "फळीला फळी घासती म्हनून वाजतंय मास्तर. मदल्या फटीत शंकजिरं भरा. आमच्या म्हायारात पाळण्याच्या कड्यांला हेच घालत्यात."

लढाईमुळे बाजारात शंखजिरं मिळेना. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं, तर आरशापुढे अंजनाची पावडर. तीही तशीच पांढरी, तशीच मऊ. लग्नात मावशीनं दिलेला गुलाबाच्या चित्राचा डबा. मास्तरांनी तो सगळाच्या सगळा फटींत ओतला आणि वर पायानं दाबून बसवला. फळ्यांनी पावडर घेतली आणि खाली सोडली. खाली तात्याबा आरसा मांडीवर घेऊन मिशीला कलप लावत होते. ओला कलप, त्यावर गुलाबाच्या वासाची पावडर. तात्याबांनी आरशात बघितलं आणि बराच वेळ ते आरशाकडंच रागानं बघत राहिले. पुढं आठवडाभर ते चावडीवर गेले की माणसं आधी वास घ्यायची आणि मग रामराम करायची.

फळ्या मात्र तशाच.

रिकामा डबा बघून अंजनानं त्याचं झाकण लावलं आणि तो जागेवर ठेवला. पण त्या दिवसापासून ती माडीवर कमी यायला लागली. आलीच तर भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर, चहा ठेवायची आणि तशीच मागं फिरायची. पावडरीचा राग आला असणार, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि दुप्पट जोमानं ते फळ्यांच्या मागं लागले.

दुसरा इलाज लालासाहेब जमादारांचा. लालासाहेब समोरच्या घरात राहत. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आलेले, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर फौजेत काय करतात एवढं सांगून त्यांचं समाधान व्हायचं.

"पावडर?" ते मिशीतल्या मिशीत हसले. "मास्तर, फौजेत तोफंचं चाक वाजाय लागलं तर पावडर लावत न्हाईत. तेल! एरंडेल! भरपूर वता. रातभर मुरू द्या. सकाळी फस्टक्लास!"

मास्तरांनी शनिवारी संध्याकाळी घाण्यावरून एरंडेल आणलं आणि लालासाहेबांच्या हुकमाप्रमाणे भरपूर ओतलं. तेल संथपणे फटीत शिरलं. सकाळी फळ्या खरंच जरा नरम वाजल्या. मास्तर आनंदानं शीळ घालत आंघोळीला गेले.

त्या रविवारी कडेगावहून तात्याबांचे दोन पाहुणे आले होते. उसाच्या गुऱ्हाळाचं काही बोलणं होतं. मटण केलं होतं. पंगत माजघरात, म्हणजे बरोबर मास्तरांच्या खोलीखाली. आणि एरंडेल हे तेल मोठं धीराचं. ते रात्री निघालं होतं, ते ताटं वाढून झाल्यावर पोचलं. थेंब, थेंब, नेमका रश्श्याच्या पातेल्यात. आता तांबड्या रश्श्यावर तेलाचा तवंग असायचाच. त्यात घरचं तेल किती आणि वरचं किती, हे कोण बघतंय?

"वैनी, रस्सा लय झाक झालाय," थोरले पाहुणे म्हणाले. "वाडा आनकी."

हरणाबाईंनी वाढला. तात्याबांनी वाटी तोंडाला लावली. मास्तरांनीही मान खाली घालून दोनदा घेतला.

पुढचं वर्णन करणं बरं नाही. एवढंच सांगतो, की कडेगावची मोटार पाहुण्यांना न घेता गेली आणि दुसरीही गेली. घरातले तांबे पुरेनात म्हणून रंगूबाईंच्या घरून आणावे लागले. गुऱ्हाळाचं बोलणं पाहुण्यांनी आणि तात्याबांनी परसदारी जाता-येता, चालता चालता उरकलं. चालणाऱ्या माणसानं भाव करायचा नसतो, असं तात्याबा नंतर म्हणाले, कारण व्यवहार त्यांच्या अंगावर आला होता.

संध्याकाळी भिंतीला टेकून त्यांनी मुलाला बोलावलं. आवाज उरला नव्हता. "बाळू, एक तर सुतार आन, न्हाईतर ती माडी पाड. पन तेल नको."

सुतार आला. आकाराम त्याचं नाव. बोलायला लागला की रंधासुद्धा थांबवायचा. त्यानं माडीवर एक चक्कर टाकली, सगळ्या फळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक खिळा उपसून मास्तरांच्या तळहातावर ठेवला. बोट लावताच त्याचा भुगा झाला.

"मास्तर, ह्यो खिळा न्हाई. ही खिळ्याची आठवन हाय. आता तुमी शाळंला जावा. मी बगतो."

मास्तर शाळेतून परत आले तेव्हा माडीला जमीन नव्हती. आडव्या तुळया होत्या, त्यांच्यामधून खालच्या माजघरात चाललेली स्वयंपाकाची तयारी दिसत होती. फळ्या अंगणात एकावर एक रचलेल्या. पलंग, आरसा, खुर्ची, सगळं सोप्यात आलेलं. आकाराम फळ्यांवर बसून पान लावत होता.

"झालं निम्मं काम," तो म्हणाला. "आता खिळे आना. उद्या दुपारपातुर ठोकून देतो."

"खिळे तुझ्याकडं नाहीत?"

आकाराम एवढा हसला की पान पडलं. "खिळे? आवं मास्तर, लढाई चालू हाय. खिळ्यांवर कंट्रोल हाय. परमिट पायजे."

"मग फळ्या काढायच्या आधी का सांगितलं नाहीस?"

"तुमी कुटं इचारलं?" असं म्हणून आकाराम दुसरं काम बघायला निघून गेला.

आता मास्तरांची स्थिती बघा. बायकोशी चार शब्द मोकळेपणानं बोलता यावेत म्हणून हा उद्योग सुरू केला, आणि आता बोलायला माडीच राहिली नव्हती. मास्तर सोप्यात वडिलांशेजारी, अंजना माजघरात सासूशेजारी. मधे भिंत. पूर्वी निदान फळी तरी ओरडायची. आता ओरडायलाही काही नव्हतं. भाकरी वाढताना तिचा हात दिसे, तेवढाच.

कंट्रोलच्या कचेरीत मास्तर स्वच्छ कोट घालून गेले. खोली माणसांनी भरलेली. कुणाला रॉकेल हवं होतं, कुणाला पत्रा. टेबलामागं चष्मेवाले कारकून बसलेले. मास्तरांनी हळू आवाजात आपलं काम सांगितलं. कारकुनांना हळू बोललेलं ऐकू येत नसे, आणि हळू बोलताही येत नसे.

"खिळे? कशाला हवेत?"

"माडीच्या जमिनीला."

"जमीन नाही का माडीला?"

"होती. काढलीय."

"चांगली होती तर काढली कशाला?"

"वाजत होती."

खोलीतली बोलणी थांबली. कारकुनांनी चष्मा कपाळावर नेला. "वाजत होती, म्हणजे?"

"म्हणजे चाललं की आवाज व्हायचा."

"मग चालू नका," कारकून म्हणाले. "तिकडं जर्मनांशी लढाई चाललीय, पुलांना खिळे पुरेनात, आणि तुमची माडी वाजते म्हणून सरकारनं खिळे द्यायचे? कुणाच्या झोपेला त्रास होतो? म्हातारं माणूस आहे? आजारी?"

"नाही, तसं नाही."

"मग आवाज झाला तर बिघडतं काय?"

मास्तरांनी कोटाचं बटण चाचपलं. त्यांचे कान तापले. रॉकेलच्या रांगेतला एक पागोटेवाला मागून म्हणाला, "आवं रावसाब, समजून घ्या की! मास्तरांचं औंदा लगीन झालंय!"

सगळी कचेरी हसली. शिपाई हसला. कोपऱ्यातल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. तो पागोटेवाला मास्तरांच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप होता, म्हणजे ही गोष्ट उद्या सकाळच्या प्रार्थनेआधी शाळेत पोचणार होती.

कारकुनांनाही जरा दया आली असावी. ते पुढं वाकून म्हणाले, "नांगराच्या कामाला हवेत असं सांगा. शेतीला देता येतात."

पण मास्तर पडले तत्त्वाचे. "माझ्याकडं नांगर नाही," ते म्हणाले.

"मग माझ्याकडं खिळे नाहीत," कारकून म्हणाले, आणि चष्मा जागेवर आला.

घरी आल्यावर मास्तर कोट न काढताच बसून राहिले. हरणाबाईंना पोराचं तोंड बघून कळवळा आला. "एवढं काय त्यात? अंजीचा मामा सांगलीत लाकडाच्या वखारीवर हाय की. केरबा. वखारीत खिळे असत्यात. सांगलीला संस्थान हाय, तितं कायदा निराळा."

"त्यो?" तात्याबा उसळले. "लग्नात त्येला फेटा मागनं बांदला म्हनून जेवला न्हाई त्यो! मला बगितलं तर दार लावंल."

"मग तुमी नका जाऊ. बाळू जाईल."

"बाळूला तरी कुटं वळकतोय? फेट्याखालचं तोंडसुदीक बगितलं न्हाई त्यानं." तात्याबांनी थोडा विचार केला. मग ते सहज बोलावं तसं बोलून गेले, "भाचीला न्हेऊ दे संगट. भाचीला न्हाई म्हननार न्हाई त्यो."

मास्तर जमिनीकडं बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर चेहऱ्यावरचं सगळं घराला वाचता आलं असतं.

पण हे इतक्या सरळ होणार नव्हतं. तरणी पोरं दोघंच जाणार म्हटल्यावर हरणाबाई म्हणाल्या, मी पण येते. मग त्यांना त्यांचा गुडघा आठवला. गुडघ्याच्या जागी रंगूबाई तयार झाल्या. त्यांना सांगलीची हळद आणायची होती आणि मास्तरांच्या खिळ्यांचं काय होतंय हेही बघायचं होतं. मोटारीच्या दिवशी त्या सर्वांच्या आधी अड्ड्यावर गाठोडं घेऊन हजर.

त्या दिवसांत पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशावर चालत. मागं एक लोखंडी बंब बसवलेला असे. त्यात क्लीनर कोळसे टाकी, पंख्यानं वारा घाली, आणि बंब लाल झाला की मोटार एकदाची निघे. रंगूबाई मागून चढायला गेल्या आणि बंबातल्या ठिणग्या बघून जागच्या जागी थिजल्या.

"आगं बया! हितं माणसं भाजून न्हेता व्हय रं?"

"काय न्हाई व्हत मावशी, बसा," क्लीनर म्हणाला आणि त्याच वेळी त्यानं झाकण उघडलं. धुराचा लोट उठला. रंगूबाई गाठोड्यासकट मागं सरल्या त्या थेट पिंपळाच्या पारावर जाऊन बसल्या. "हळद आना वो मास्तर माजी! मी न्हाई येत त्या चुलीवर!"

त्या चुलीला मास्तरांनी मनातल्या मनात हात जोडले.

पण मोटारीतही बोलता येईना. बायका पुढं, पुरुष मागं. मास्तरांना अंजनाच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. इस्लामपूर मागं पडलं, आणि थोड्याच वेळात एका चढाला मोटारीनं दम टाकला. दोनदा खोकली आणि उभी राहिली. क्लीनर कपाळाला हात लावून म्हणाला, "कोळसा वला हाय. उतरा. तास-दोन तास लागत्याल."

लोक शिव्या देत उतरले आणि झाडांच्या सावल्या शोधत पांगले. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड. अंजना लिंबाखाली बसली. मास्तर आधी दूर उभे राहिले, मग घड्याळ बघितल्यासारखं करत जवळ आले आणि हातभर अंतर ठेवून बसले. मातीवर बसले. काही वाजलं नाही. कुणी खोकलं नाही. उसाची पाती तेवढी हलत होती.

एवढ्या महिन्यांनी मिळालेला एकांत, आणि मास्तरांना एक वाक्य आठवेना. "हा भाग काळ्या मातीचा," ते अखेर म्हणाले.

अंजनानं एक काडी उचलली, तिचे तुकडे केले आणि मग मान खाली घालूनच विचारलं, "एक इचारू? रागावनार न्हाई न्हवं?"

"विचार की."

"माज्या चालन्यानं तुमचं लय डोकं दुकतं का वो?"

"काय?"

"आमच्या घरात सगळ्यांचीच पावलं मोठी. आई म्हनायची, हळू चाल, हळू चाल. मी लय हळू चालते आता. कडंकडंनं चालते. तरी ती फळी वाजतीच." तिचा आवाज बारीक झाला. "तुमी मामंजींना म्हनालासा, सहन व्हत न्हाई. मग पावडर घातलीसा, तेल घातलंसा, समदी जमीनच काढून टाकलीसा. मला म्हायारी सोडनार असाल तर तसं सांगा. आता मामाकडं सोडून जानार हायसा का?"

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. डोळ्यांपुढून एकेक गोष्ट सरकत गेली. चवड्यांवर चालणारी अंजना, भिंतीला घासून जाणारी अंजना, चहा ठेवून पळणारी अंजना. आपल्याला पावडरीचा राग वाटला होता!

"अगं, नाही! नाही! तुझ्या चालण्याचं कोण म्हणतंय? माझंच चालणं..." ते गडबडले. "म्हणजे मी तुझ्याकडं यायला निघालो की ती मेली फळी ओरडते. मग आबा खोकतात. मग आई म्हणते दूध उतू चाललं. मग तू जातेस. मला नुसतं तुझ्याशी बोलायचं होतं! बस ना जरा, एवढंच म्हणायचं होतं!"

एवढं मोठ्यानं ते वर्गातही बोलत नसत. बंबापाशी वारा घालणाऱ्या क्लीनरनंही वळून बघितलं.

अंजना त्यांच्याकडं बघत राहिली. डोळे भरलेले होते, त्यातच आधी ओठ हलले, मग खांदे हलायला लागले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना. "म्हनून मामंजींच्या मिशीला पावडर?" ती कशीबशी म्हणाली. "म्हनून पावन्यांना एरंडेल?"

मास्तरांना आधी मानी माणसासारखं वाईट वाटलं आणि मग तेही हसायला लागले.

"आणि खरं सांगू?" डोळे पुसत ती म्हणाली. "दूद कवाच उतू जात नव्हतं. मी खाली जायची तर चुलीवर भांडं सुदीक नसायचं. रिकामी चूल बगत उबी ऱ्हायची, कुनी परत वर जा म्हनतंय का म्हनून."

मोटार तास-दोन तासांत सुरू झाली नाही. कुणीतरी जवळच्या गुऱ्हाळातून रस आणला. अंजनानं पेला पुढं केला आणि सांगितलं की तिला गोड फार लागतं, चहातसुद्धा, पण सासरी मागायची लाज वाटते. मास्तरांनी तिला आपल्या लहानपणी विहिरीत पडलेल्या चपलेची गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. क्लीनरनं अखेर "चला, बसा!" अशी हाक मारली तेव्हा रागानं उठलेली दोनच माणसं होती.

सांगलीत केरबामामा वखारीच्या दारातच भेटले. जावयानं तात्याबांचं नाव सांगताच त्यांनी तोंड फिरवलं, भाचीला बघून परत वळवलं. अंजना पाया पडली आणि म्हणाली, "मामा, फेटा मामंजींनी न्हवं, भटजीनं मागं ठिवलावता." हे खरं की खोटं, मास्तरांना माहीत नव्हतं. मामा विरघळले. जेवण झालं. खिळ्यांची जड पिशवी मिळाली.

परत येताना संस्थानाच्या हद्दीवर मोटारी तपासतात, असं कुणीतरी सांगितलं. परमिट नाही, कायदेशीर की बेकायदेशीर हेही कळेना. घाबरून मास्तरांनी पिशवी बुडाखाली घेतली. मोटार प्रत्येक खड्ड्यात बसत होती आणि मास्तर प्रत्येक खिळ्यावर. नाक्यावरच्या शिपायानं आत डोकावून त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. "पाव्हनं आजारी हायत जणू. जाऊ द्या," तो म्हणाला. रंगूबाईंची हळद मात्र आणायची राहिली ती राहिलीच.

आकारामानं दोन दिवस ठोकाठोक केली. मग सगळं घर माडीवर चढलं. तात्याबा चालले, हरणाबाई चालल्या, लालासाहेबांनी तर फौजेसारखं मार्चिंग करून बघितलं. एक फळी बोलेल तर शपथ. मास्तर विजयी मुद्रेनं खिडकीत उभे राहिले.

तो विजय रविवार दुपारपर्यंत टिकला. अंजना चहा घेऊन आली. मास्तरांनी पाऊल टाकलं. आवाज नाही. दुसरं टाकलं. आवाज नाही. "बस ना जरा," ते म्हणाले, आणि ती बसणार तोच जिन्याच्या तोंडाशी हरणाबाईंचं डोकं वर आलं.

"काय न्हाई, बगाय आले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "काय ऐकूच येत न्हाई खाली. जीव घाबरा झाला बाई." त्या गेल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा आल्या. मग तात्याबा आले. मग बाळूची आई आहे का वर, असं विचारत रंगूबाई आल्या. पूर्वी ऐकू यायचं तेव्हा माणसं खाली बसायची. आता ऐकू येईना म्हणून दुखऱ्या गुडघ्यानिशी वर चढायला लागली. मास्तर कपाळ धरून खुर्चीत बसले. एवढे खिळे, एवढी बेअब्रू, आणि फळ काय तर जिन्यावरची वर्दळ!

अंजना मात्र शांत होती. चारेक दिवसांनी रात्रीच्या जेवणाला वाढताना ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, जिन्याची पायरी लय हलतीया. तुमचा गुडगा तसा. पडलासा तर?"

"हलती?" तात्याबा म्हणाले. "कवापासनं?"

"आकारामाला इचारलं मी. खिळे समदे माडीला गेले, म्हनतोय. आता पुन्ना मामाकडनंच आनायला लागत्याल." मग जणू आत्ताच आठवलं तसं ती म्हणाली, "मामाबी म्हनालाय, भाचीबिगर खिळा देनार न्हाई."

तात्याबांनी उठून पायरीवर पाय ठेवला. पायरी खरोखरच डुगडुगली. "आयला, व्हय की! बाळू, रईवारी जाऊन या दोगं. ह्यो धोका हाय."

मास्तर चकित झाले. ती पायरी त्यांनी रोज दहा वेळा चढली-उतरली होती. दगडासारखी घट्ट होती.

रविवारी कोळशाची मोटार त्याच चढाला, त्याच लिंबापाशी, तशीच दम टाकून उभी राहिली. झाडाखाली बसल्यावर मास्तरांनी विचारलं, "काय गं, ती पायरी कधीपासून हलतीय?"

"गुरवारपासनं," अंजना म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यातले चार खिळे काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"जपून ठिवा," ती म्हणाली. "गेल्यावर ठोकाय लागत्याल."